चौथ्या चित्रातली टिकली

“अहो, त्या बाई काय छान समजावून सांगतात हो!” बायको म्हणाली, आणि भाकीतरावांच्या हातातले उकडलेले अंडे टरफलासकट चेपले गेले.

कुठल्या बाई, हे विचारायची गरज नव्हती. गेले काही दिवस या घरात ‘त्या बाई’ म्हणजे एकच बाई होत्या. भाकीतरावांच्या कार्यालयात नव्याने आलेल्या, कोपरापर्यंत बाह्या दुमडून हिंडणाऱ्या आणि समोर येईल त्याच्या हातात रंगीत गोल टिकल्यांचा कागद ठेवणाऱ्या. सगळे त्यांना टिकलीबाई म्हणत. भाकीतराव त्यांना काहीच म्हणत नसत. त्यांचा उल्लेख करायची वेळ आलीच, तर ते नुसते छताकडे बघत.

“काय समजावलं एवढं?” त्यांनी छताकडे बघत विचारले.

“तळ्याचं. तीस वर्षांनी आपलं तळं कसं होईल ते. आणि एकच नाही, चार प्रकारांनी. भिंतीवर ही मोठाली चार चित्रं लावली होती. म्हणाल्या, तुम्हाला जे व्हावंसं वाटतं त्याच्यावर टिकली लावा. मी लावली.”

“तीस वर्षांनी तळं कसं होईल, हे मी तुला लग्न झाल्यापासून सांगतोय!”

“सांगता की. पण तुम्ही सांगायला लागलात की मला झोप येते.” बायको चहा गाळता गाळता म्हणाली. “मला वाटायचं, ते झोपेसाठीच असतं.”

“आणि टिकली कुठल्या चित्रावर लावलीस?”

“ते नाही सांगणार,” असे म्हणून ती स्वतःशीच हसली. स्वतःच्या बायकोने दुसऱ्याच्या कार्यशाळेत जावे, तिथे टिकली लावावी आणि वर तिचे गुपित ठेवून हसावे, म्हणजे काय! भाकीतरावांनी टरफले वेचायचा प्रयत्न केला, मग तो सोडून दिला आणि तसेच उपाशी कार्यालयात गेले.

भाकीतराव हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. ते तळे अभ्यास केंद्रात मॉडेल चालवत, म्हणून हे नाव पडले होते. मॉडेल म्हणजे संगणकात ठेवलेले खोटे तळे. त्याला खऱ्या तळ्याचा पाऊस, गाळ, सांडपाणी, मासे, काठची लव्हाळी, सगळे आकड्यांत भरवायचे आणि विचारायचे, बाबा रे, असेच चालले तर पुढे काय? मग यंत्राचा पंखा घरघरायला लागे, आणि बऱ्याच वेळाने उत्तर येई. पाणकोंबड्या किती उरतील, मासे किती मिळतील, लव्हाळी किती पाणी गाळून देईल, किती पूर अडवेल. तळे आपल्यासाठी गुपचूप काय काय करत असते, याचा हा हिशेब. तो सगळ्या केंद्रात फक्त भाकीतरावांना येत होता आणि त्यांना तो सगळ्यांना समजावून सांगायचा होता. ऐकायला कोणी थांबत नसे, एवढीच अडचण होती.

टिकलीबाईंकडे मात्र रांग लागे. भविष्य एकच नसते, चार प्रकारचे असू शकते, हे भाकीतरावही जाणून होते. कार्यालयीन भाषेत त्याला परिदृश्ये म्हणतात. टिकलीबाई त्याला ‘असं झालं तर’ म्हणत, आणि लोकांना ते लगेच समजे, याचाच भाकीतरावांना राग होता. नावाडी यायचे, शाळेच्या शिक्षिका यायच्या, काठावर रोज फिरणारे पेन्शनर यायचे, आणि सगळे तिथे बसून खदखदा हसायचे. तळ्याचे भविष्य हा काय हसायचा विषय आहे? भाकीतरावांच्या अहवालाला इतक्या वर्षांत कोणी साधे स्मित केले नव्हते.

स्पष्टच सांगायचे तर त्यांचा जळफळाट होत होता. संचालक टिकलीबाईंच्या विनोदाला हसले की यांच्या पोटात दुखे. चहावाला ट्रे घेऊन आधी तिकडे वळला की यांचा चहा कडू लागे. एकदा पहारेकऱ्याने अदबीने “साहेब, एक विचारू?” म्हटले, तेव्हा भाकीतराव खुर्ची ओढून मॉडेल समजावायला सरसावले, तर तो म्हणाला, “बाईंच्या टिकल्या परत कधी आहेत?”

हे सगळेही त्यांनी गिळले असते. पण प्रश्न खिडकीचा होता.

केंद्रात तळ्याकडे तोंड करून असलेली खोली एकच. तिच्या रुंद खिडकीशी भाकीतरावांचे टेबल नोकरीला लागल्या दिवसापासून होते. बाहेर लव्हाळीचा पट्टा, त्यापुढे पाणी, पाण्यात एक जुना लाकडी खांब आणि खांबावर एक राखी बगळा. बगळा दिवसभर काही करत नसे आणि भाकीतराव त्याच्याकडे बघत दिवसभर काम करत. दोघांचे छान जमले होते. आता केंद्राची फेरमांडणी निघाली होती आणि संचालकांनी जाहीर केले होते, “शुक्रवारी केंद्राचं काम तपासायला समिती येतेय. ज्याचं काम समितीला जास्त उपयोगाचं वाटेल, त्याला तळ्याकडची खोली. दुसऱ्यानं मागच्या खोलीत बसायचं.” मागच्या खोलीची खिडकी हातभर होती, आणि तिच्यातून सायकलींचे छप्पर दिसे.

बुधवारी संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर भाकीतराव सभागृहात शिरले. नुसते बघायला. वाईट काही करायचा विचार त्यांच्या मनात नव्हता, हे त्यांनी दाराशीच स्वतःला दोनदा सांगितले.

भिंतीवर चार चित्रे होती. पहिल्यात ‘जसं चाललंय तसं’ चाललेले तळे, किंचित गढूळ, किंचित लहान. दुसऱ्यात काठाने दाट लव्हाळी, पाणकोंबड्या, स्वच्छ पाणी आणि कोपऱ्यात चिमुकली केंद्राची इमारत. तिसऱ्यात लव्हाळी साफ काढून बांधलेला धक्का, पाण्यात इंजिनाच्या नावा, दिव्यांच्या माळा. चौथ्यात तळेच नव्हते. भराव टाकून त्यावर इमारती उभ्या होत्या. पहिल्यावर आणि तिसऱ्यावर थोड्या टिकल्या होत्या. चौथे कोरे होते. आणि दुसरे चित्र हिरव्या टिकल्यांनी नुसते फुलले होते.

म्हणजे लोकांना लव्हाळी हवी होती. हेच भाकीतराव वर्षानुवर्षे ओरडून सांगत होते. त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण मी सांगितले तेव्हा नाही, आणि हिने चार टिकल्या वाटल्या तर लगेच? त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

एक टिकली जरा वाकडी लागली होती. ती सरळ करावी म्हणून त्यांनी काढली. ती बोटाला चिकटली. झटकायला गेले तर तिसऱ्या चित्रातल्या नावेवर जाऊन बसली. दिसायला वाईट दिसेना. मग एकटीच कशी राहणार, म्हणून सोबतीला दुसरी. एकदा हात बसल्यावर काम भराभर झाले. समितीवर जाणती माणसे येणार. त्यांना दिसेल की लोकांना दिव्यांच्या माळा आणि इंजिनाच्या नावा हव्यात. ते म्हणतील, लोकांना विचारून तळी वाचत नसतात, मॉडेल कुठे आहे? मग मॉडेल पुढे येईल. खिडकी जागची हलणार नाही.

शेवटी दुसऱ्या चित्रात हाताला एक पिवळी टिकली लागली. तिच्यावर कोणी पेनाने चेहरा काढला होता. गोल चष्मा, खाली वळलेल्या मिशा, कपाळावर आठ्या. भविष्याच्या अभ्यासात असला थिल्लरपणा! ही टिकली तर त्यांना इतकी झोंबली की तिसऱ्या चित्राने त्यांचे समाधान होईना. त्यांनी ती उचलली आणि चौथ्या चित्रात, भरावाच्या ढिगावर, अंगठ्याने दाबून बसवली.

त्या दिवशी घरी त्यांनी पोटभर जेवण केले.

गुरुवारी सकाळी संचालकांनी दोघांना बोलावले. टिकलीबाई आधीच येऊन बसल्या होत्या.

“एक झकास कल्पना आहे,” संचालक म्हणाले. “लोकांना काय हवंय ते बाईंच्या चित्रांवरून कळतं. पण ते केलं तर पुढं काय होईल, ते कळतं फक्त तुमच्या मॉडेलमधून. तर दोन्ही जोडायचं. कुठल्या चित्राला किती टिकल्या ते मॉडेलला सांगायचं. म्हणजे लोक तळ्याशी कसं वागणार ते त्याला कळेल. मग तीस वर्षांनंतरचं तळं पडद्यावर. समितीसमोर, टिकल्या लावणाऱ्या लोकांसमोर, तिथल्या तिथं!”

भाकीतराव खुर्चीच्या कडेला सरकले. “टिकल्या... माझ्या मॉडेलमध्ये?”

“हो. आणि अहवालावर तुमचं नाव वर.”

“ही कल्पना कुणाची म्हणायची?”

“बाईंची. नाव वर घालायचंही त्यांनीच सुचवलं.”

“मॉडेलशिवाय माझी भिंत म्हणजे नुसती इच्छा हो, सर,” टिकलीबाई हसून म्हणाल्या. “इच्छेचं पुढं काय होतं ते तुम्हीच सांगू शकता.”

इतक्या वर्षांत कोणी त्यांच्या कामाबद्दल इतके नीट बोलले नव्हते. क्षणभर त्यांना भरून आले. दुसऱ्याच क्षणी वाटले, म्हणजे मनाचा मोठेपणाही हिनेच दाखवायचा? आमच्यासाठी काही शिल्लक ठेवायचे की नाही?

टेबलापाशी येऊन त्यांनी दार लावले आणि भिंतीवर होत्या तशा टिकल्या मॉडेलला सांगून पाहिल्या. पंखा घरघरला. उत्तर आले ते बघून त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. लव्हाळी गेली, तिच्यामागून पाणकोंबड्या गेल्या, मासे गेले, पाण्याला वास सुटला, आणि पहिल्या मोठ्या पावसात केंद्राचा तळमजला बुडाला. एका माणसाच्या जळफळाटाने सगळे तळे नासले होते. आणि हे समितीसमोर वर नाव घालून त्यांनाच वाचून दाखवायचे होते. तळे नासण्याबद्दल लोकांना दोष देता आला असता, पण ते लोक त्या खोलीतच बसलेले असणार!

खरे सांगून टाकणे हा एक मार्ग होता. तो त्यांना सुचला आणि लगेच नापसंत पडला. दुसरा मार्ग सोपा होता. मॉडेलच्या पोटात एक आकडा होता, लव्हाळी किती वेगाने पसरते त्याचा. तो आकडा त्यांनी स्वतः, पायाला जळवा लागेपर्यंत चिखलात उभे राहून, मोजून ठरवलेला होता. आजवर त्याला कोणी हात लावलेला त्यांना खपला नसता. तो त्यांनी डोळे मिटून कितीतरी पटींनी वाढवला. आता लोकांनी कितीही धक्के बांधले तरी लव्हाळी पुन्हा पुन्हा उगवत होती. तीस वर्षांनंतरचे तळे बऱ्यापैकी दिसायला लागले. त्यांचा जीव भांड्यात पडला.

दुपारी टिकलीबाई दारात आल्या.

“सर, सभागृहात जाऊन आले. मला आपलं वाटत होतं, दुसऱ्या चित्रावर जास्त टिकल्या होत्या.”

“लोकांचं काय घेऊन बसलात, बाई. आज एक मत, उद्या दुसरं.”

“मत बदलेल हो. पण टिकली कशी उठून जाईल?” त्या खळखळून हसल्या. “जाऊ दे, माझीच आठवण कच्ची असेल. कार्यशाळा संपल्यावर मी भिंतीचा फोटो काढलाय, तो घरी आहे. उद्या आणते. समितीलाही दाखवता येईल.”

त्या गेल्या आणि भाकीतरावांची पाचावर धारण बसली. संध्याकाळ होईपर्यंत ते खिडकीतून बगळ्याकडे बघत राहिले. बगळ्याला कशाचेच काही नव्हते, म्हणून त्यांना त्याचाही हेवा वाटला. शेवटचा माणूस बाहेर पडताच ते सभागृहात धावले आणि तिसऱ्या चित्रातल्या नावांवरून, दिव्यांवरून, धक्क्यावरून टिकल्या खरवडून पुन्हा दुसऱ्या चित्रात लावत सुटले. नखांत कागद गेला, पण दुसरे चित्र पुन्हा हिरवे झाले. मागे सरकून त्यांनी तिसरे चित्र डोळ्यांत तेल घालून तपासले. सगळे पूर्वीसारखे होते. फक्त तिसरे चित्र तपासताना ते चौथ्याला पाठ करून उभे होते. आणि मॉडेलच्या पोटातला तो आकडा आता तसाच ठेवून चालणार नाही, हे तर त्यांच्या डोक्यातच आले नाही. चोरी निस्तरल्याच्या आनंदात माणूस हिशेबाला कच्चा होतो.

“आज खुशीत दिसताय,” घरी बायको म्हणाली.

“उद्या कार्यालयात ये. मॉडेल म्हणजे काय ते दाखवतो.”

“मी येतच होते. टिकल्या लावणाऱ्या सगळ्यांना बाईंनी बोलावलंय.”

भाकीतरावांची खुशी तिथेच मावळली.

शुक्रवारी सभागृह भरले. मागे नावाडी, शिक्षिका, पेन्शनर, बायको. पुढे समिती, आणि समितीच्या मधोमध अध्यक्षबाई. त्या बुटक्या होत्या, जाड भिंगांचा चष्मा लावत आणि कोणी लांबण लावली की पेन्सिल टेबलावर आपटत. टिकलीबाईंनी थोडक्यात सगळे सांगितले. मग संचालकांनी भिंतीपाशी जाऊन मोठ्याने टिकल्या मोजल्या, भाकीतरावांनी आकडे यंत्रात घातले आणि ऐटीत कळ दाबली.

पंखा घरघरला. पडद्यावर तळे आले. काठाने हिरवा पट्टा.

“ही लव्हाळी,” भाकीतराव म्हणाले. “वर्षागणिक ती थोडी थोडी वाढताना दिसेल.”

ती वाढली. थोडी नाही, सरसर वाढली. काठ सोडून पाण्यात शिरली. बगळ्याचा खांब गिळला. बघता बघता पडद्यावर पाण्याचा एक थेंब दिसेना, सगळे हिरवे.

“तळं कुठं गेलं?” नावाड्याने मागून विचारले.

“आहे, आहे. खाली आहे,” भाकीतराव म्हणाले. एकाएकी त्यांना तो आकडा आठवला होता.

पण मॉडेल एकदा सुटले की मध्ये थांबत नसे. लव्हाळी रस्त्यावर आली. रस्ता ओलांडून बस थांब्यावर गेली. मग मागे वळून केंद्राच्या इमारतीत शिरली. शेजारच्या चौकटीत पाणकोंबड्यांचा आकडा इतका लांबत गेला की चौकटीत मावेना.

अध्यक्षबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “म्हणजे तीस वर्षांनी इथं माणसांपेक्षा पाणकोंबड्या जास्त?”

“भाकीत जरा... उत्साही आहे,” संचालक म्हणाले.

“आणि आपण बसलोय ती खोली?”

भाकीतरावांनी पडद्याकडे पाहिले. “लव्हाळीत,” ते पुटपुटले.

सभागृहात असा हशा उठला की टिकलीबाईंच्या कुठल्याही कार्यशाळेत उठला नसेल. भाकीतरावांना लोकांनी एकदा आपल्याही कामावर हसावे असे फार वाटे. पण असे नव्हे. त्यांना मागच्या खोलीची हातभर खिडकी आणि सायकलींचे छप्पर डोळ्यांपुढे दिसायला लागले.

“हसू नका हो!” टिकलीबाई उठून म्हणाल्या. “आमच्या सरांचं मॉडेल कधी असं वागत नाही. घालण्यात काहीतरी चूक झाली असणार.” बाईंनी आपली बाजू घ्यावी, हे भाकीतरावांना हशापेक्षा जास्त लागले.

“ते नंतर बघू,” अध्यक्षबाई खुर्चीवरून उतरल्या आणि भिंतीपाशी गेल्या. “मला मघापासून दुसरंच खुपतंय. सगळे एकीकडे, आणि हा एकच माणूस म्हणतो, तळं बुजवा. एकट्या मताला मी फार मान देते. त्याच्यामागे काहीतरी विचार असतो. कुणाची टिकली ही?”

भाकीतरावांनी आता कुठे चौथ्या चित्राकडे पाहिले. ती पिवळी टिकली तिथेच होती.

अध्यक्षबाईंनी नाक चित्राला टेकवले. “चेहरा काढलाय वर. चष्मा आहे. मिशा. काय तिरसट दिसतोय! तळं बुजवणाऱ्यालाच शोभतो.”

“टिकली माझी आहे,” मागून आवाज आला. भाकीतरावांची बायको उभी राहिली होती. “पण मी ती तिथं लावली नव्हती.”

“मग कुठं लावली होती?”

“दुसऱ्या चित्रात. खाली कोपऱ्यात ही इमारत काढलीय ना, तिच्या खिडकीत.”

टिकलीबाईंनी पर्समधून फोटो काढून अध्यक्षबाईंच्या हातात दिला. “बरोबर आहे. ही बघा, खिडकीत.”

“आणि चेहरा कुणाचा?”

बायको जरा लाजली. “आमच्या ह्यांचा.”

सगळ्यांनी टिकलीकडे पाहिले आणि मग भाकीतरावांकडे. चष्मा गोल होता. मिशा खाली वळल्या होत्या. आठ्यांबद्दल तर वादच नव्हता.

“तीस वर्षांनी काय व्हावंसं वाटतं, असं बाईंनी विचारलं,” बायको म्हणाली. “मला दुसरं काय वाटणार? बाहेर लव्हाळी असावी आणि आमच्या ह्यांची खिडकी असावी. हे काही तेव्हा नोकरीत नसतील, पण चित्रच आहे म्हटलं.”

ज्या टिकलीवर त्यांनी सगळ्यात जास्त राग काढला होता, ती त्यांचीच होती. आणि तिला त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने दाबून ढिगाऱ्यावर बसवले होते.

“मी हलवली,” ते म्हणाले.

“काय?”

“सगळ्याच हलवल्या होत्या. मग परत लावल्या. ही राहिली. मधल्या वेळात मॉडेलचा आकडा बदलला, तो परत करायचा राहिला.” एवढे बोलल्यावर उरलेलेही बाहेर पडले. “या बाई आल्यापासून जो तो यांचं कौतुक करतो. चहावाला, पहारेकरी, घरी बायको. ते सगळं मी सोसलं. पण खिडकी जाणार म्हटल्यावर मला राहवेना.”

“खिडकी?” टिकलीबाई चकित झाल्या. “मला कशाला खिडकी? मला भिंत हवी! त्या खोलीची एक अख्खी भिंत तुमच्या खिडकीनं खाल्लीय. चित्रं लावू कुठं? मी तर पहिल्याच दिवशी संचालकांकडे मागची खोली मागितली होती.”

सगळे संचालकांकडे वळले.

“मागितली होती,” संचालक खाकरले. “मला वाटलं, संकोचानं म्हणतायत.”

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि भाकीतरावांकडे पाहिले. “तुमच्या मॉडेलमध्ये काय काय आहे?”

“पाऊस. गाळ. सांडपाणी. मासे. लव्हाळी.”

“मत्सर?”

“तो... तो घालायचा राहिला.”

“घाला,” त्या म्हणाल्या. “तुमच्या लव्हाळीपेक्षा वेगानं पसरतो. आणि आता खरा आकडा घालून पुन्हा दाखवा.”

खऱ्या आकड्याने आणि खऱ्या टिकल्यांनी तळे तळ्याच्या जागी राहिले. काठाने लव्हाळी, तिच्यात मोजण्याइतक्या पाणकोंबड्या, पाणी निवळलेले. या वेळी कोणी हसले नाही. नावाडी पुढे सरकून बसला, शिक्षिकांनी दोन प्रश्न विचारले, आणि भाकीतराव आयुष्यात पहिल्यांदा अशा लोकांना मॉडेल समजावून सांगू लागले जे उठून जात नव्हते. मागे बायकोने एकदाच जांभई दिली, पण तोंडावर हात ठेवून. समितीने दोघांचे काम मिळून चालू ठेवायला सांगितले. आणि ज्या हाताने आकडे घातले जातील त्याच हाताने टिकल्या मोजल्या जाऊ नयेत, अशी एक सूचना जोडली.

सोमवारी टिकलीबाई मागच्या खोलीत गेल्या आणि भिंत बघून हरखल्या. भाकीतराव खिडकीशी येऊन बसले. काचेवर खालच्या कोपऱ्यात ती पिवळी टिकली लावलेली होती. चष्मा, मिशा, आठ्या. बायको टिकलीबाईंना मदत करायच्या निमित्ताने सकाळीच आली होती. भाकीतरावांना बरे वाटले. त्यांनी यंत्र सुरू केले, खुर्ची पुढे ओढली आणि मग त्यांच्या लक्षात आले की त्या टिकलीला खेटून आणखी एक टिकली आहे. निळी. तिच्यावर लांब चोच, बाकदार मान, डोळ्यांत कमालीचा शांतपणा.

त्यांना एकटे वाटू नये म्हणून बायकोने सोबतीला बगळा काढला होता.

भाकीतरावांनी वाकून नीट पाहिले. बगळा फार मन लावून काढलेला होता. एकेक पीस वेगळे काढले होते. त्याच्या कपाळावर आठी नव्हती. यांचा चेहरा म्हणजे चार रेघा, आणि त्याला एवढी पिसे? बाहेर खांबावरचा बगळा पाण्यात बघत निवांत उभा होता. तो नेहमीच देखणा होता, पण आज जरा जास्तच तोऱ्यात दिसत होता.

भाकीतरावांनी दाराकडे पाहिले. कोणी नव्हते. त्यांचे नख हळूच निळ्या टिकलीच्या कडेशी गेले. उपटायची नव्हती, जरा लांब सरकवायची होती, एवढेच.

“अहो,” मागच्या खोलीतून, भिंतीपलीकडून, बायकोचा आवाज आला, “टिकली आहे तिथंच राहू दे हं.”

भाकीतरावांनी हात मागे घेतला आणि मॉडेलमध्ये घालायची राहिलेली ती एक ओळ घालायला सुरुवात केली.